कर्झनचा भाचा बॉम्ब उघडायचा, सेक्रेटरी लिहून घ्यायची. लंडनला वाचवणाऱ्या तिघांची गोष्ट

मुंबई-पुण्याच्या स्टेशनवर बेवारस बॅग दिसली की पोलीस आधी गर्दी मागे हटवतात. मग बीडीडीएस, म्हणजे बॉम्बशोधक व नाशक पथक येतं. बहुतेक वेळा बॅगेत कपडे नाहीतर जेवणाचा डबा निघतो आणि लोक आपापली लोकल पकडतात. पण बॅगेत खरंच काही असेल तर ते कसं उघडायचं, आधी काय हलवायचं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही, हे कुणीतरी कधीतरी पहिल्यांदा शोधून काढलं असेलच ना?

या शास्त्राचा मोठा भाग १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत इंग्लंडमध्ये घडला. घडवणाऱ्यांमध्ये एक माणूस असा होता की त्याला बघून कुणालाही वाटलं नसतं हा शास्त्रज्ञ आहे. लंगडत चालायचा, हातावर टॅटू, जवळ दोन पिस्तुलं आणि त्या पिस्तुलांची नावं ऑस्कर आणि जेनेव्हीव्ह. वर हा गडी इंग्लंडच्या जुन्या सरदार घराण्यातला.

त्याचं नाव चार्ल्स हेन्री जॉर्ज हॉवर्ड, सफोकचा विसावा अर्ल.

भारतात जुळलेलं लग्न

सफोकचा भारताशी थेट संबंध आहे. त्याचे वडील हेन्री हॉवर्ड हे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनचे एडीसी होते. तोच कर्झन, ज्याने १९०५ मध्ये बंगालची फाळणी केली. कर्झनची बायको मेरी ही शिकागोच्या लेव्हाय लायटर या बड्या व्यापाऱ्याची मुलगी. तिची धाकटी बहीण डेझी तिला भेटायला भारतात आली, तिथे तिची हेन्रीशी ओळख झाली आणि १९०४ मध्ये दोघांचं लग्न झालं. २ मार्च १९०६ ला चार्ल्स जन्मला. म्हणजे नात्याने तो कर्झनचा भाचा.

पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये वडील मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये मारले गेले. अकरा वर्षांचा चार्ल्स अर्ल झाला. विल्टशरमधला चार्ल्टन पार्कचा वाडा, जमीनजुमला, सगळं त्याच्या नावावर आलं.

अशा मुलाने पुढे काय करायचं हे ठरलेलं असायचं. सैन्यात जायचं, शिकार करायची, मेजवान्या द्यायच्या. पण हा शाळा सोडून माउंट स्ट्युअर्ट नावाच्या शिडाच्या जहाजावर शिकाऊ खलाशी म्हणून चढला. पुढे काही वर्षं ऑस्ट्रेलियात शेतावर काम केलं. मधल्या काळात सांध्यांच्या तापाने तब्येत बिघडली, सैन्यातली नोकरी सुटली आणि पायात कायमची लंगड राहिली.

१९३४ मध्ये त्याने मिमी क्रॉफर्ड या रंगभूमीवरच्या अभिनेत्रीशी लग्न केलं. पुढे तीन मुलं झाली. आणि संसार सुरू असतानाच हा पठ्ठ्या एडिनबरा विद्यापीठात विद्यार्थी म्हणून जाऊन बसला. विषय होता औषधशास्त्र. पदवी मिळवली, तीही पहिल्या वर्गात.

बोटीवर हिरे आणि जड पाणी

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा लंगड्या पायामुळे सैन्यात जागा नव्हती. मग ब्रिटिश सरकारच्या वैज्ञानिक संशोधन खात्याने त्याला पॅरिसला पाठवलं. काम काय, तर फ्रेंच शास्त्रज्ञांशी संपर्क ठेवायचा.

जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसवर चालून आल्या आणि काम एका रात्रीत बदललं. फ्रान्समध्ये जे काही जर्मनांच्या हाती लागू द्यायचं नव्हतं ते इंग्लंडला हलवायचं होतं. सफोक आणि त्याचा सहकारी मेजर गोल्डिंग बोर्दो बंदरात पोचले. तिथे ब्रूमपार्क नावाची कोळसा वाहणारी बोट मिळाली. तिच्यावर लाखो पौंडांचे हिरे चढले, दुर्मीळ यंत्रं चढली, शास्त्रज्ञ आणि त्यांची कुटुंबं चढली. आणि चढलं सुमारे १८५ किलो जड पाणी.

जड पाणी म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी त्याचं जड रूप असलेलं पाणी. अणुविखंडनात सुटणारे न्यूट्रॉन संथ करायला ते वापरतात. ते नॉर्वेत तयार झालं होतं आणि त्या वेळी जगातला जवळपास सगळा साठा एवढाच होता. त्यावर प्रयोग करणारे हान्स फॉन हाल्बान आणि ल्यू कोवार्स्की हे शास्त्रज्ञही त्याच बोटीवर होते.

बोट बुडाली तरी हिरे आणि जड पाणी तरंगत राहावं म्हणून डेकवर एक तराफा बांधून त्यावर हा ऐवज ठेवला होता. २१ जूनला ब्रूमपार्क इंग्लंडच्या फालमथ बंदराला लागली. जड पाणी आधी लंडनच्या एका तुरुंगात आणि मग विंडसर कॅसलमध्ये ठेवलं गेलं.

एवढं केल्यावर कुणीही आयुष्यभर त्याच गोष्टी सांगत बसला असता. सफोकने तीन महिन्यांत त्याहून अवघड काम मागून घेतलं.

न फुटलेला बॉम्ब जास्त त्रास का देतो?

सप्टेंबर १९४० पासून लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडू लागले. त्यातले साधारण दहातला एक फुटायचा नाही. वाटेल, बरंच झालं की! पण फुटलेला बॉम्ब नुकसान करून मोकळा होतो. न फुटलेला बॉम्ब अख्खी गल्ली रिकामी करतो, रेल्वे थांबवतो, कारखाना बंद पाडतो. सप्टेंबरमध्ये सेंट पॉल्स कॅथेड्रलजवळ असाच एक राक्षसी बॉम्ब जमिनीत रुतला. लेफ्टनंट रॉबर्ट डेव्हिस आणि त्याच्या सॅपर्सनी तो खणून काढला आणि गाडीतून हॅकनीच्या दलदलीत नेला, तेव्हा कुठे कॅथेड्रल वाचलं.

आणि काही बॉम्ब मुद्दामच न फुटण्यासाठी बनवलेले होते.

जर्मन बॉम्बमध्ये विजेवर चालणारे फ्यूज असत. विमानातून सुटतानाच फ्यूजला विजेचा भार मिळायचा. साध्या फ्यूजमध्ये जमिनीवर आदळल्याच्या धक्क्याने आतला संपर्क जुळून स्फोट व्हायचा. १७ नंबरच्या फ्यूजमध्ये घड्याळ होतं. बॉम्ब पडल्यावर काही तासांनी, कधी तीन दिवसांनीही तो फुटायचा. ५० नंबरचा फ्यूज त्याहून कपटी. बॉम्ब शांतपणे पडून राहायचा आणि कुणी किंचित हलवला की फुटायचा. हे दोन्ही फ्यूज एकाच बॉम्बमध्ये बसवलेले असायचे. म्हणजे घड्याळ चालू आहे म्हणून बॉम्ब तिथून हलवावा, तर हलवल्यामुळेच फुटणार.

यावरही कडी म्हणजे झुस ४० नावाचा सापळा. तो १७ नंबरच्या फ्यूजखाली लपवलेला असायचा. फ्यूज बाहेर ओढला की खालची स्प्रिंग सुटून बॉम्ब फुटणार. याचं लक्ष्य कुठली इमारत नव्हतीच. लक्ष्य होता बॉम्ब निकामी करायला आलेला माणूस. वेल्समध्ये स्वॉन्झीजवळच्या तेल कारखान्यात लेफ्टनंट बर्ट्राम आर्चरने सप्टेंबर १९४० मध्ये असा फ्यूज काढला आणि सुदैवाने वाचला, तेव्हा ब्रिटिशांच्या हाती हा सापळा अख्खा लागला.

म्हणजे ही लढाई दोन डोक्यांमधली होती. तिकडे जर्मन इंजिनिअर नवा फ्यूज काढायचा, इकडे कुणीतरी तो उघडून समजून घ्यायचा. समजून घेताना चूक झाली, तर तो माणूस जायचाच, आणि त्याला काय कळलं होतं तेही त्याच्याबरोबर जायचं. मग पुढचा माणूस पुन्हा तीच चूक करणार.

प्रत्येक पायरी वहीत

या दुसऱ्या नुकसानीवर सफोकने उपाय काढला. पुरवठा मंत्रालयाच्या वैज्ञानिक संशोधन विभागात त्याला एक छोटं प्रायोगिक पथक मिळालं. कामासाठी लागणारी हत्यारं आणि उपकरणं भरलेली एक गाडी होती. गाडी चालवायला फ्रेड हार्ड्स. आणि सेक्रेटरी आयलीन बेरिल मॉर्डन.

सफोक बॉम्बपाशी बसायचा. आता काय करतोय, कुठला स्क्रू फिरवतोय, आतून आवाज येतोय का, हे तो मोठ्याने सांगत जायचा. मिस मॉर्डन जवळच थांबून ते सगळं टिपून घ्यायची. ऑफिसात पत्रं टाइप करणं वेगळं आणि जिवंत बॉम्बजवळ उभं राहून नोंदी घेणं वेगळं. ती सैनिक नव्हती. तिच्यावर कुणाचा हुकूम नव्हता. तरी महिनोन्‌महिने ती त्या खड्ड्यांपाशी जात राहिली.

या नोंदींमधून पद्धती ठरत गेल्या. घड्याळाची टिकटिक ऐकायला स्टेथोस्कोप आला. घड्याळ थांबवायला ताकदवान चुंबक आलं. फ्यूजमधला विजेचा भार काढून टाकायची साधनं आली. फ्यूजला हात न लावता बॉम्बच्या पोलादाला भोक पाडायचं आणि वाफ सोडून आतली स्फोटकं वितळवून बाहेर काढायची, ही युक्तीही याच काळातली. एकट्या सफोकने हे सगळं केलं असं नाही. सैन्याचे रॉयल इंजिनिअर्स, नौदल आणि अनेक शास्त्रज्ञ यात होते. पण धोक्याच्या जागी जाऊन प्रयोग करायला सफोकचं पथक पुढे असायचं.

तिघं कायम एकत्र दिसायचे. त्यामुळे लोक त्यांना 'होली ट्रिनिटी', म्हणजे पवित्र त्रयी म्हणू लागले. चर्चिलने पुढे महायुद्धाच्या आपल्या ग्रंथात या तिघांची आवर्जून आठवण काढली. त्याने लिहिल्याप्रमाणे तिघांनी ३४ बॉम्ब हाताळले. पस्तिसाव्याने घात केला.

अेरिथची दलदल

१० मे १९४१ च्या रात्री लंडनवर ब्लिट्झमधला सगळ्यात भीषण हल्ला झाला. तो या मालिकेतला शेवटचा मोठा हल्ला ठरणार होता, पण तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी, १२ मे रोजी सफोकचं पथक लंडनच्या पूर्वेला अेरिथच्या दलदलीत होतं. वस्तीतून आणलेले न फुटलेले बॉम्ब तिथे टाकून ठेवत. त्यातला एक २५० किलोचा बॉम्ब कित्येक महिने पडून होता. त्याच्यात दोन फ्यूज होते. संशोधनासाठी आणि नव्या लोकांना शिकवण्यासाठी ते फ्यूज शाबूत हवे होते.

काम सुरू असताना बॉम्ब फुटला. सफोक आणि फ्रेड हार्ड्स जागीच गेले. मिस मॉर्डन हॉस्पिटलला नेताना वाटेत गेली. जवळ असलेले काही सैनिकही मारले गेले. सफोक ३५ वर्षांचा होता.

इथे एक प्रश्न उरतो. या बॉम्बपासून कुठल्याही घराला धोका नव्हता. तो मोकळ्या दलदलीत होता आणि तसाच सोडला असता तरी चाललं असतं. मग इतकी माणसं त्याच्याजवळ का होती? बॉम्ब निकामी करताना शक्यतो एकच माणूस जवळ ठेवायचा, हा या कामाचा मूळ नियम. सफोकची पद्धत याच्या उलट होती. तो बोलणार आणि कुणीतरी लिहिणार, म्हणजे जवळ किमान दोघं हवेतच. ज्या वहीमुळे ज्ञान वाचत होतं, त्याच वहीमुळे मॉर्डन त्या दिवशी तिथे उभी होती.

जुलै १९४१ मध्ये सफोकला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस जाहीर झाला. शत्रूशी समोरासमोर न लढता दाखवलेल्या शौर्यासाठीचा हा ब्रिटनचा सर्वोच्च सन्मान. हार्ड्स आणि मॉर्डन यांच्या वाट्याला शौर्याचं प्रशस्तिपत्र आलं. धोका तिघांनी सारखाच घेतला होता, पदक मात्र अर्लला मिळालं.

मायकल ओंडाट्जेच्या 'द इंग्लिश पेशंट' या १९९२ च्या कादंबरीत किप नावाचा पंजाबी शीख सॅपर आहे. त्याला बॉम्ब निकामी करायला शिकवणारा गुरू म्हणजे हाच लॉर्ड सफोक. किप काल्पनिक आहे, सफोक खरा.

आणि ते बॉम्ब अजून संपलेले नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये एक्झेटर शहरात आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये प्लिमथमध्ये महायुद्धातले जर्मन बॉम्ब सापडले. दोन्ही वेळा हजारो लोकांना घरं सोडावी लागली. एक्झेटरचा बॉम्ब जागेवरच फोडला, प्लिमथचा गाडीतून नेऊन समुद्रात नष्ट केला. एकाही माणसाचा जीव गेला नाही.

आज बॉम्बजवळ रोबो जातो, कॅमेरा बघतो, आणि माणूस लांबून काम करतो. पण हाती आलेल्या प्रत्येक स्फोटक वस्तूची नोंद ठेवायची आणि ती पुढच्या पथकाला द्यायची, ही सवय तीच आहे. १९४० मध्ये ती नोंद करायला जिवंत बॉम्बशेजारी एक सेक्रेटरी उभी राहायची. तिचं नाव आयलीन बेरिल मॉर्डन.