समतेचे क्रीडांगण : एस. एम. जोशी

एस. एम. जोशी हे नाव उच्चारताच संयुक्त महाराष्ट्राचा लढा डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु या निःस्पृह नेत्याच्या जीवनाचा आणखी एक पैलू आहे. ज्यांनी आपले बालपण सेवा दलाच्या शाखेवर घालविले, त्या पिढीला तो लढ्याइतकाच मोलाचा वाटत आला. सायंकाळी मैदानावर जमणाऱ्या, धुळीने माखलेल्या, 'खो' देत धावणाऱ्या मुलामुलींशी एसेम यांचे जे नाते होते, त्याची ओळख आजच्या वाचकास व्हावी, यासाठी हा अल्प परिचय.

श्रीधर महादेव जोशी यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९०४ रोजी पुणे जिल्ह्यातील जुन्नर येथे झाला. पितृछत्र लहानपणीच हरपले. घरची परिस्थिती बेताचीच असल्याने पुढील शिक्षणाची वाट खडतर होती. पुण्यास येऊन ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकले आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. महाविद्यालयीन काळातच ना. ग. गोरे यांच्यासारखे समविचारी स्नेही त्यांना लाभले आणि युवक चळवळीत ते ओढले गेले.

या तरुणाच्या आयुष्याला दिशा देणारा प्रसंग १९२९ साली घडला. पर्वतीचे देवालय अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुले व्हावे म्हणून १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पुण्यात सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज ही दलित समाजातील नेतेमंडळी त्यात अग्रभागी होती, आणि त्यांच्या बरोबरीने पायऱ्या चढणाऱ्यांत एसेम व त्यांचे मित्रही होते. सनातन्यांच्या जमावाने सत्याग्रहींवर दगडफेक केली, मारहाण केली. काही महिने चाललेल्या या सत्याग्रहाने देवालयाची दारे उघडली नाहीत. दगड मारणारे हात परक्यांचे नव्हते. ते याच शहरातील, याच पेठांतील सुशिक्षित घरांतले होते. ज्या मनात भेद एकदा पक्का बसला आहे, ते मन वयाच्या चाळिशीत सत्याग्रहानेही सहजी पालटत नाही, हे त्या पायऱ्यांवर पुण्याने पाहिले.

पुढील दशक तुरुंग आणि चळवळ यांत गेले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात कारावास, १९३२ मध्ये पुन्हा कारावास, मग कायद्याची पदवी, १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्षाच्या स्थापनेतील सहभाग आणि १९३९ मध्ये तारा पेंडसे यांच्याशी विवाह, असा हा प्रवास येथे थोडक्यातच नमूद करणे पुरेसे आहे.

४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली. डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी १९२३ साली सुरू केलेल्या हिंदुस्थानी सेवा दलाची परंपरा मागे होतीच. परंतु ते दल मुख्यतः प्रौढ स्वयंसेवकांचे होते. आता जे उभे राहिले त्याचा केंद्रबिंदू शाळकरी मुले होती. ना. ग. गोरे, शिरूभाऊ लिमये, वि. म. हर्डीकर, नाना डेंगळे अशा सहकाऱ्यांच्या साथीने एसेम यांनी पहिले दलप्रमुख म्हणून धुरा स्वीकारली. धर्माच्या आधारावर मुलांना एकत्र करणाऱ्या शाखा त्या काळी पुण्यात जोमाने भरत होत्या. त्यांना व्याख्यानांनी उत्तर देऊन भागणार नव्हते. मुलांना सायंकाळी हवे असते ते मैदान, सोबती आणि खेळ. तेव्हा सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र आणणारे मैदानच उभे करावे, हा विचार पुढे आला. राष्ट्रीय चळवळीतील एका मान्यवर पुढाऱ्याने, महायुद्धाचा वणवा पेटलेला आणि स्वातंत्र्यलढ्याचा अखेरचा पर्व तोंडावर आलेला असताना, दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या खेळात लक्ष घालावे, ही गोष्ट त्या वेळी अनेकांना किरकोळ वाटली असल्यास नवल नाही.

शाखेचा कार्यक्रम साधा असे. ध्वजवंदन, थोडी कवायत किंवा लेझीम, मग खेळ. त्यानंतर समूहगीते आणि गोष्ट अथवा चर्चा. मुले येत ती अर्थातच खेळासाठी. साधने जवळजवळ लागतच नसत. लंगडी, खो-खो, हुतूतू, आट्यापाट्या यांना मोकळी जागा आणि जमिनीवर आखायला थोडी फक्की एवढे पुरे. लगोरीला फुटक्या कौलाचे तुकडेही चालतात. गरिबाघरचे मूल आणि सधन घरचे मूल यांच्यात बॅटीवरून किंवा बुटांवरून फरक पडण्याची सोयच या खेळांत नाही. विदेशी खेळांच्या तुलनेत ही त्यांची मोठीच जमेची बाजू म्हटली पाहिजे. शिवाय हे खेळ पुण्याला परके नव्हते. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच खो-खोला नियमांची चौकट दिली होती, आणि १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली होती. सेवा दलाने खेळ नवे शोधले नाहीत. आहेत त्याच खेळांना त्याने सामाजिक प्रयोजन दिले.

या खेळांची रचना जरा बारकाईने पाहिली, तर ते प्रयोजन त्यांत किती सहज सामावते, हे ध्यानी येते. खो-खोचेच पाहा. पाठलाग करणाऱ्या संघातील नऊपैकी आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले असतात. उठलेल्या एकाला मधली रेषा ओलांडता येत नाही, पळताना मागे वळता येत नाही. पळणाऱ्याला मात्र सर्व मुभा असते. एकट्याच्या वेगाने गडी टिपू पाहणारा पाठलागकर्ता बहुधा दमतो आणि गडी निसटतो. योग्य क्षणी आपली संधी दुसऱ्याच्या स्वाधीन करून स्वतः खाली बसावे लागते, आणि बसलेल्याने, कितीही शिवशिव होत असली तरी, 'खो' मिळाल्यावाचून उठायचे नसते. एक गडी बाद होतो तेव्हा त्याला हात लावणारा एक असला, तरी त्याला कोंडीत आणणारे चार-पाच असतात. ही गोष्ट मुलाला समजावून सांगावी लागत नाही, दोन सायंकाळी खेळला की ती अंगात मुरते.

हुतूतूच्या संजीवनी प्रकारात तर बाद झालेल्या गड्याला पुन्हा जिवंत करण्याचे सामर्थ्य त्याच्या सोबत्यांच्या हाती असते. प्रतिपक्षाचा गडी मारला की आपला एक गडी उठतो. बाहेर बसलेल्याने आत खेळणाऱ्याचा हेवा करून काहीच साधत नाही, त्याचे भले चिंतावे हेच त्याच्या हिताचे. आट्यापाट्यांत प्रत्येकाने आपापली पाटी राखायची. ती सोडून शेजारच्याच्या मदतीला धावणारा अतिउत्साही गडी साऱ्या संघाला गोत्यात आणतो. लंगडीत उचललेला पाय टेकला की बाद. मैदान मोठे, पंच एक, आणि संध्याकाळची वेळ. पाय टेकला हे पुष्कळदा ज्याचे त्यालाच ठाऊक असते. अशा वेळी कोणी न विचारता बाहेर जाणारे मूल आणि गुपचूप खेळत राहणारे मूल यांच्यातला फरक सोबत्यांच्या नजरेतून सुटत नाही. सत्यनिष्ठेचा हा पाठ कोणत्याही सुभाषितापेक्षा खोल जातो.

मात्र या मैदानाची खरी कसोटी आणखी निराळ्या जागी होती. मराठीत अस्पृश्यतेच्या व्यवहाराला 'शिवाशिव' म्हणतात, आणि एकमेकांना पळत जाऊन शिवण्याच्या बालखेळाला 'शिवाशिवी'. एक शब्द माणसाला माणसापासून दूर सारणारा, तर दुसऱ्यात शिवल्यावाचून खेळच होत नाही. आपल्या बहुतेक सांघिक खेळांचा पाया स्पर्श हाच आहे. हुतूतूत अंगाला अंग भिडते, पाय धरले जातात, चार जण एकावर पडतात. पाठीवर हात पडल्याशिवाय 'खो' होत नाही. ज्या घरांत परजातीच्या माणसाचा स्पर्श झाल्यास स्नान करण्याची रीत अजून मोडली नव्हती, त्या घरांतील मूल शाखेवरून घामाने आणि धुळीने भरून परत येत असे; त्या धुळीत कोणाकोणाचा स्पर्श मिसळला आहे, याचा हिशेब कोणाला लावता येणार? पर्वतीच्या पायऱ्यांवर जे प्रौढांना सत्याग्रह करून पटविता आले नाही, ते मैदानावर मुलांच्या ध्यानीमनी नसताना होऊन जात होते.

मुलींचा सहभाग हेही सेवा दलाचे वैशिष्ट्य. १९४० च्या दशकात मध्यमवर्गीय मुलीने मैदानावर खो-खो खेळावा, मुलांच्या बरोबरीने गाणी म्हणावीत, शिबिराला जावे, हे साऱ्या घरांना रुचणारे नव्हते. पालकांची समजूत काढणे हे शाखा चालविणाऱ्यांचे नित्याचे काम होऊन बसे. एसेम यांच्या निष्कलंक चारित्र्याबद्दल समाजात जो विश्वास होता, त्याचा येथे फार उपयोग झाला असला पाहिजे. ज्या संघटनेचा प्रमुख असा आहे, तेथे आपली मुलगी सुरक्षित आहे, असे वाटण्यास तेवढे कारण पुरेसे होते.

अर्थात सारे काही साधले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पेठांतील शाखांत पांढरपेशा घरांतील मुलांचेच प्राबल्य बरेच दिवस राहिले. वस्तीतील मूल संध्याकाळी मोकळे असतेच असे नाही, ते पोटापाण्याच्या कामात गुंतलेले असते. मैदानावर उतरलेल्यांतला भेद खेळ मिटवू शकतो. जे मैदानापर्यंत पोहोचतच नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न सेवा दलापुढे कायम राहिला.

शाखा सुरू होऊन जेमतेम चौदा महिने झाले असतील, तोच ऑगस्ट १९४२ उजाडला. एसेम भूमिगत झाले. दाढी वाढवून, मुसलमान गृहस्थाच्या वेषात वावरत त्यांनी चळवळ चालविली. १९४३ मध्ये मुंबईत त्यांना अटक झाली आणि १९४६ पर्यंत ते बंदिवासात राहिले. शाखेवर खेळणाऱ्यांपैकी वयाने मोठी मुलेही लढ्यात उतरली. पत्रके वाटणे, निरोप पोहोचविणे अशी जोखमीची कामे त्यांनी केली. शेजारच्या गड्यावर विश्वास टाकण्याची सवय मैदानावर लागलेली होती, ती येथे कामी आली. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराची दारे हरिजनांसाठी उघडावीत म्हणून दौरा आणि उपोषण केले, तेव्हा सेवा दलाचे तरुण आणि कलापथक त्यांच्या पाठीशी होते. या वेळी मात्र दारे उघडली. पुढे याच कलापथकातून निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके यांच्यासारखे कलावंत पुढे आले, हे सर्वश्रुत आहे.

संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस म्हणून एसेम यांनी १९५६ ते १९६० या काळात केलेल्या कार्याचे वर्णन अन्यत्र विपुल उपलब्ध आहे. त्यातील एक प्रसंग मात्र येथे सांगितलाच पाहिजे. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान पंडित नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी आले. समितीने निदर्शने योजिली होती. भिन्न पक्षांचे, भिन्न स्वभावांचे हजारो लोक, डोंगराळ रस्ता आणि वातावरणातला क्षोभ पाहता अनर्थ होण्यास एक दगड पुरेसा होता. तरीही रस्त्याच्या दुतर्फा उभ्या राहिलेल्या स्त्री-पुरुषांनी शिस्तीने आपला निषेध नोंदविला आणि दिवस शांततेत पार पडला. ज्याने जन्मभर मुलांना आपापली पाटी राखायला शिकविले, त्या नेत्याला ती शिस्त मोठ्यांकडूनही मिळाली, असे म्हणावेसे वाटते.

१९५७ मध्ये ते पुण्यातून विधानसभेवर आणि १९६७ मध्ये लोकसभेवर निवडून गेले; निवडणुकीतील पराभवही त्यांनी पाहिले. १९७७ च्या सत्तापालटात महत्त्वाचा वाटा असूनही सत्तेच्या पदापासून ते दूरच राहिले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूने उभे राहिल्याबद्दल उतारवयात त्यांना जाहीर अवमान सोसावा लागला, पण त्यांची भूमिका ढळली नाही आणि अवमान करणाऱ्यांविषयी त्यांच्या मनात कटुताही उरली नाही. १ एप्रिल १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

राष्ट्र सेवा दलाचे मध्यवर्ती कार्यालय पुण्यात साने गुरुजी स्मारकाच्या आवारात आहे. हे स्मारक पर्वतीच्या पायथ्याशी आहे, आणि १९२९ साली ज्या पायऱ्यांवरून दगड आले, त्या याच टेकडीच्या.