संत जॉन बॉस्को : मुलांची वाट पाहणारे धर्मगुरू



शाळेतल्या मुलांच्या मारामाऱ्यांच्या बातम्या आपण वाचतो आणि हल्लीची मुलेच बिघडली, असे म्हणून मोकळे होतो. ३१ जानेवारीला ज्यांचा सण असतो, त्या संत जॉन बॉस्को यांचे चरित्र आपल्याला थांबून विचार करायला लावते.

जॉन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी इटलीतील बेक्की गावी गरीब शेतकरी कुटुंबात झाला. दोन वर्षांचे होण्याआधीच त्यांचे वडील वारले. सावत्र भाऊ अँटोनिओला जॉनचे शिकणे पसंत नव्हते. घरातले तंटे इतके वाढले की, आई मार्गारिताने बारा वर्षांच्या जॉनला दुसऱ्याच्या शेतावर कामाला पाठवले. जॉनच्या अंगातही रग होती. कियेरी येथे शिकताना वर्गातील दांडगट मुले लुईजी कोमोल्लो या शांत मित्राला मारू लागली. तेव्हा जॉनने त्यांच्यातल्याच एकाला खांद्याला धरून काठीसारखे फिरवले आणि बाकीच्यांना झोडपले. पुढे लुईजीनेच त्याची कानउघाडणी केली.

वडील नाहीत, घरात भांडणे, गरिबी, शिक्षणात खंड, तापट स्वभाव. मूल हिंसेकडे वळण्याची जी कारणे आज सांगितली जातात, ती बहुतेक इथे होती. तरी जॉन वाया गेला नाही. प्रार्थना शिकवणारी खंबीर आई, लॅटिन शिकवणारे वृद्ध फादर कालोस्सो आणि चूक दाखवणारा मित्र त्याला लाभले. परिस्थिती मुलाला ढकलते हे खरे. पण हात धरणारे कोणी असेल तर तो सावरतो.

१८४१ मध्ये जॉन धर्मगुरू झाले. फादर काफास्सो यांच्याबरोबर ते तुरीन शहरातील तुरुंगांत जाऊ लागले. तिथे बारा ते अठरा वर्षांची धडधाकट मुले कोंडलेली होती. सुटलेली मुले पुन्हा पुन्हा आत येत, कारण बाहेर त्यांची वाट पाहणारे कोणी नव्हते. म्हणून डॉन बॉस्कोंनी मुलांना रविवारी एकत्र जमवले. खेळ, गाणी, प्रार्थना आणि पुढे शाळा व कामाचे शिक्षणही दिले.

१८५७ मध्ये कार्मान्योला रेल्वे स्टेशनवर त्यांना मिकेले मागोने भेटला. बारा-तेरा वर्षांचा, वडील नसलेला, शाळेतून काढलेला, मुलांच्या टोळीचा म्होरक्या! डॉन बॉस्को रागावले नाहीत. त्यांनी त्याची आपुलकीने चौकशी केली आणि त्याला आपल्या संस्थेत आणले. तिथे तो पूर्ण बदलला. १८५९ मध्ये त्याला अकाली मरण आले, तेव्हा तो सर्वांचा लाडका झाला होता.

मूल चुकल्यावर शिक्षा करण्यापेक्षा ते चुकण्याआधी त्याच्याजवळ असावे, ही डॉन बॉस्कोंची पद्धत. समजावणे, श्रद्धा आणि माया हे तिचे तीन आधार. मारझोडीला तिच्यात जागा नाही. मुलांवर प्रेम असून भागत नाही, ते मुलांना जाणवलेही पाहिजे, असे ते मानत. ३१ जानेवारी १८८८ रोजी ते निवर्तले आणि १९३४ मध्ये संतपदाला पोहोचले. त्यांचे सालेसियन धर्मगुरू १९२८ मध्ये मुंबईत आले. माटुंग्याची त्यांची शाळा आपल्याला ठाऊकच आहे.

आपल्या कात्रपमध्ये अनेक आईवडील सकाळची लोकल पकडतात, ते रात्रीच घरी येतात. त्यात त्यांचा दोष नाही. पण मधल्या वेळात मूल कोणाबरोबर असते? शाळेत त्याला कोणी मारते का, की तेच कोणाला मारते? रात्री जेवताना मार्कांआधी हे विचारू या. पट्टा आणि चप्पल बाजूला ठेवू या. घरात मार खाणारे मूल मारायलाच शिकते. शेजारच्या एकट्या मुलालाही नावाने हाक मारू या. आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक मुलाची वाट पाहणारे एक तरी मोठे माणूस असावे.

संत जॉन बॉस्को, आमच्या मुलांसाठी विनंती करा.

आपला,
धर्मगुरू