एकाच विहिरीचं पाणी

(दहावी, १९७८ ची तुकडी)

स्मरणिकेसाठी एखाद्या शास्त्रज्ञावर लेख दे, असा संपादक मंडळाचा फोन आला. आपल्या तुकडीत सूक्ष्मजीवशास्त्र शिकून पुढची बत्तीस वर्षं विहिरींचं नि नळांचं पाणी तपासत बसलेला मी एकटाच, म्हणून माझी आठवण झाली असावी. हाफकिनवर लिही, अशी सूचनाही होती. मी हाफकिनच्या गुरूंवर लिहितो आहे, आणि त्याला एक कारण आहे.

१९७५ च्या पावसाळ्यात आपण आठवीत होतो. वर्गात दुसऱ्या बाकावर माझ्या शेजारी माझ्याच वाडीचा एक मुलगा बसायचा. त्याची हजेरी जेमतेम दोन महिन्यांची, पण उंच उडीमुळे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना तो आठवत असेल. शाळेतून परतताना वाटेवरच्या पायऱ्यांच्या विहिरीवर आम्ही दोघं पाणी प्यायचो. श्रावणातल्या एका शनिवारी प्यालो. त्या रात्री त्याला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. रस्ता चिखलाचा, बैलगाडीने तालुक्याला नेईपर्यंत दुपार झाली, आणि तो गेला. डॉक्टर गॅस्ट्रो म्हणाले, माझी आजी पटकी म्हणाली आणि तिने मरीआईला दहीभाताचा नैवेद्य ठेवला. मला साधं पोटही दुखलं नाही. दहाव्याला त्याच्या आईने, आमच्या काकूंनी, मला जवळ बसवून विचारलं की तूसुद्धा तेच पाणी प्यालास का. मी नाही म्हणालो.

पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात इल्या मेच्निकॉफ यांचं चरित्र हाती लागलं. दाढी, चष्मा, विस्कटलेले केस. या माणसाने नेमका माझाच प्रश्न विचारला होता: पटकीचे जंतू दोघांच्या पोटात जातात, मग एक का मरतो आणि दुसऱ्याला काहीच का होत नाही? आणि उत्तर शोधण्यासाठी त्यांनी ते जंतू स्वतः पिऊन पाहिले होते.

मेच्निकॉफ १८४५ साली खारकोव्हजवळच्या एका खेड्यात जन्मले. तेव्हा तो रशियन साम्राज्याचा भाग होता, आज युक्रेनमध्ये येतो. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत संपवला आणि समुद्रातल्या बारीकसारीक प्राण्यांचा अभ्यास करायला जर्मनी आणि इटली गाठली. विशी ओलांडली नाही तोच ओडेसाला शिकवायला लागले. हुशार, चिडका, सतत वाद घालणारा माणूस. लग्न केलं त्या ल्युदमिलाला क्षय होता. ती इतकी अशक्त झाली होती की लग्नासाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. चार वर्षं ते तिला उबदार हवेच्या गावोगाव घेऊन फिरले. १८७३ साली मदीरा बेटावर ती गेली. त्यानंतर त्यांनी मॉर्फिनचा मोठा डोस घेतला. डोस इतका मोठा होता की सगळं उलटून पडलं आणि ते वाचले.

दोन वर्षांनी त्यांनी ओल्गाशी लग्न केलं. तिला विषमज्वर झाला. ती बरी झाली, पण मेच्निकॉफ पुन्हा खचले होते. १८८१ मध्ये त्यांनी उलटून येणाऱ्या तापाच्या रोग्याचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. हा प्रयोग होता की दुसऱ्यांदा जीव देण्याचा प्रयत्न, हे चरित्र वाचूनही मला ठरवता आलेलं नाही. बहुधा दोन्ही. त्याच वर्षी त्यांचा भाऊ इव्हान वारला. टॉलस्टॉयच्या मृत्यूवरच्या प्रसिद्ध कथेतला इव्हान इलिच या भावावरून घेतलेला आहे.

ज्यामुळे ते पाठ्यपुस्तकात आले तो प्रसंग १८८२ चा, सिसिली बेटावरच्या मेसिना गावातला. घरची मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली होती. हे एकटेच सूक्ष्मदर्शकाखाली ताऱ्यामाशाचे काचेसारखे पारदर्शक डिंभ बघत बसले होते. त्यांच्या शरीरात फिरणाऱ्या पेशी बघताना मनात आलं की शरीरात काही बाहेरचं घुसलं तर या पेशी त्याच्यावर धावून जात असतील. बागेतून गुलाबाचे काटे आणून त्यांनी डिंभात टोचले. रात्रभर झोप नाही. सकाळी पाहिलं तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला. पायात बाभळीचा काटा मोडला की भोवती पू धरतो, हे आपल्याकडे गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असतं. तो पू म्हणजे लढणाऱ्या पेशींची गर्दी, हे सांगणारा हा माणूस. भक्षक पेशींचा हा सिद्धान्त पुढे पंचवीस वर्षं ते जर्मन शास्त्रज्ञांशी भांडत मांडत राहिले. जर्मनांचं म्हणणं, रोगाशी लढतं ते रक्तातलं द्रव्य. आज दोन्ही बाजू बरोबर ठरल्या आहेत, आणि १९०८ चं नोबेल मेच्निकॉफ आणि जर्मनीचे एर्लिख यांना मिळून दिलं गेलं, त्यामुळे समितीलाही तेव्हाच अंदाज आला असावा.

ओडेसात त्यांना रोगजंतूंची प्रयोगशाळा मिळाली होती, पण ती चालवणं जमलं नाही. त्यांच्या गैरहजेरीत दिलेल्या लसीमुळे हजारो मेंढ्या दगावल्या आणि जमीनदार खवळले. बर्लिनला कॉखने थंड स्वागत केलं. पॅरिसला म्हाताऱ्या पाश्चरने मात्र आपल्या नव्या संस्थेत जागा दिली. १८८८ पासून मरेपर्यंत ते तिथेच राहिले. ओडेसाचा त्यांचा विद्यार्थी हाफकिन राजकीय चळवळीपायी अडचणीत आला होता. तो त्यांच्यामागे पॅरिसला आला. सुरुवातीला त्याला नोकरी मिळाली ती ग्रंथालयात. पुढचं आपल्याला ठाऊक आहे: १८९३ ला तो पटकीची लस घेऊन कलकत्त्याला उतरला, १८९६ ला प्लेगसाठी मुंबईत आला, आणि परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधल्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्याचं नाव मिळालं. पंढरपूरच्या वारीला जाण्याआधी आपल्या आजोबांना जी सुई टोचून घ्यावी लागायची, तिचा उगम त्या ग्रंथालयात नोकरी करणाऱ्या पोरापर्यंत जातो.

आता पटकीकडे येतो. १८९२ ला युरोपात साथ होती. कॉखने पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू आधीच ओळखला होता. म्युनिकच्या वृद्ध पेटेनकोफर यांना ते पटेना, म्हणून त्यांनी तो जंतू पिऊन दाखवला आणि किरकोळ जुलाबावर सुटले. मेच्निकॉफना जंतूबद्दल शंका नव्हती. त्यांना कोडं होतं ते वेगळं. तेही प्याले. काही झालं नाही. प्रयोगशाळेतला एक सहकारी प्याला, त्यालाही काही नाही. मग संस्थेतला एक तरुण पुढे आला आणि प्याला. त्याला खरीखुरी पटकी झाली. काही दिवस तो वाचतो की जातो अशी अवस्था होती. तो मेला असता तर मेच्निकॉफही जगले नसते, असं त्यांची मनःस्थिती पाहणाऱ्यांना वाटलं. तो वाचला, आणि माणसांवरचा हा प्रयोग मेच्निकॉफनी थांबवला.

हा भाग मी अनेकदा वाचला आहे. आज कोणतीही नैतिकता समिती अशा प्रयोगाला परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. स्वतः पिणं वेगळं आणि पगारावर असलेल्या पोराला पिऊ देणं वेगळं. पण त्या तीन माणसांत जो फरक दिसला, त्याचा पाठपुरावा त्यांनी सोडला नाही. जिलेटिनच्या थराच्या बशीत पटकीचा जंतू लावून त्याच्या शेजारी माणसाच्या पोटातले इतर जंतू वाढवून पाहिले. काही शेजाऱ्यांच्या संगतीत पटकीचा जंतू जोमाने वाढे, काहींच्या संगतीत वाढतच नसे. सशाच्या दूध पिणाऱ्या पिल्लांना पटकीचा जंतू या मदतनीस जंतूंबरोबर पाजला तेव्हा त्यांच्या आतड्यात पटकी झाली. म्हणजे रोगजंतू पोटात गेला एवढ्याने भागत नाही. तिथे आधीपासून कोण वस्तीला आहे, यावरही पुष्कळ ठरतं. हे १८९० च्या दशकात.

माझ्या मते मेच्निकॉफ यांचं हे काम ताऱ्यामाशाइतकंच मोठं. पण ते विसरलं गेलं, आणि त्याला थोडे जबाबदार ते स्वतःच. कारण पुढे त्यांच्या डोक्यात म्हातारपण शिरलं. मोठ्या आतड्यातले जंतू अन्न कुजवून विष तयार करतात, त्या विषाने माणूस लवकर म्हातारा होतो, असा त्यांचा तर्क. दूध आंबलं की कुजत नाही, म्हणून आंबवलेल्या दुधातले जंतू आतड्यात सोडावेत. बल्गेरियातले शेतकरी आंबट दूध पिऊन दीर्घकाळ जगतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. ते स्वतः रोज ते दूध घेत आणि कच्चं काही खात नसत. १९०४ च्या व्याख्यानानंतर पॅरिसमध्ये दह्याची लाट आली. जंतूंच्या गोळ्या आणि पुड्या विकायला लागल्या. लंडनमध्ये लेन नावाचे नामांकित शल्यविशारद तर अशाच समजुतीपायी लोकांची मोठी आतडी कापून काढत होते. पुढे १९२० च्या सुमारास अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की तो बल्गेरियन जंतू माणसाच्या आतड्यात टिकूनच राहत नाही. झालं, सगळा विषयच हसण्यावारी गेला.

आपल्या व्हॉट्सअॅप गटावर दर महिन्याला कुणीतरी टाकतं की दह्याने सगळे रोग बरे होतात आणि नोबेल विजेत्यानेही ते सांगितलंय. मंडळी, दही खा, ताक प्या, मीही पितो. पण ज्या कामासाठी नोबेल मिळालं त्यात दही नव्हतं.

१९०९ मध्ये ते टॉलस्टॉयना भेटून आले. महायुद्ध सुरू झालं, तरुण सहकारी आघाडीवर गेले, प्रयोगशाळा रिकाम्या पडल्या. १९१६ च्या जुलैमध्ये पाश्चर संस्थेतच हृदयविकाराने ते गेले. वय ७१. त्यांना दीडशे वर्षांच्या आयुष्याची स्वप्नं पडत होती. जाण्यापूर्वी त्यांनी एका सहकाऱ्याला आपलं शवविच्छेदन करताना आतडी नीट बघायला सांगितलं होतं. अस्थी आजही संस्थेच्या ग्रंथालयात एका कलशात आहेत.

विसरलेलं काम गेल्या काही वर्षांत पुन्हा वर आलं आहे. प्रतिजैविकांनी पोटातली नेहमीची वस्ती मारली गेली की क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू माजतो. २०१३ मध्ये हॉलंडच्या डॉक्टरांनी दाखवलं की निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू पोटात सोडले तर तो रोग औषधापेक्षा जास्त जणांत बरा होतो. २०१४ मध्ये बांगलादेशातल्या पटकीच्या रोग्यांच्या अभ्यासातून आतड्यातला एक जंतू पटकीला आवर घालतो असं दिसलं. आणि २०१७ मध्ये आपल्या ओडिशाच्या खेड्यांतून साडेचार हजारांवर नवजात बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: सात दिवस एका लॅक्टोबॅसिलसचा डोस विशिष्ट साखरेबरोबर दिला, तर जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. तो जंतू नेमका निवडलेला होता, घरच्या विरजणातला नव्हे, हे गटासाठी पुन्हा सांगतो.

आपला मित्र का गेला आणि मी का राहिलो, याचं उत्तर यात आहे असं मी म्हणणार नाही. त्याच्या पोटात काय होतं, माझ्या पोटात काय होतं, हे कुणी तपासलं नाही. तो माझ्यापेक्षा जास्त प्याला असेल, सकाळपासून उपाशी असेल. आणि त्याला वाचवायला मेच्निकॉफ लागलेच नसते. मीठ-साखरेचं पाणी वेळेवर घोटघोट पाजलं असतं, वाटेत सलाइन मिळालं असतं, तर बहुधा तो या मेळाव्याला आला असता. नोकरीत कुठल्याही गावची विहीर दूषित निघाली की अहवाल टपालाने पाठवायचा सोडून मी त्याच दिवशी ग्रामपंचायतीला फोन करायचो. साहेब चिडायचे.

ती विहीर आता बुजवली आहे. काकू नव्वदीला आल्या आहेत. कान गेले आहेत, पण माणूस ओळखतात. मेच्निकॉफचं वगैरे मी त्यांना काही सांगितलं नाही. मीही ते पाणी प्यालो होतो, एवढं मात्र गेल्या गणपतीत त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं.