स्टोअरकीपरची बुद्धी

कामाच्या ठिकाणी बुद्धी फक्त वरच्या खुर्चीतच बसते, हा समज आपल्या समाजात हेतुपुरस्सर रुजवला गेला. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांचे आयुष्य पाहिले की तो टिकत नाही, असे आम्हाला वाटते.

१८४८ साली ठाण्यात जन्मलेले लोखंडे रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी करून मुंबईत मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर झाले. मालकाचा हिशेब आणि कामगाराचे हाल, दोन्ही तिथे रोज नजरेसमोर. १८८० साली त्यांनी ‘दीनबंधु’ची सूत्रे हाती घेतली.

१८८४ साली गिरण्यांच्या चौकशीसाठी कमिशन बसले. लोखंडे यांनी ही संधी अचूक हेरली. सप्टेंबरात सभा घेऊन त्यांनी ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज उभा केला. वकील म्हणून आम्हाला या अर्जाचे फार कौतुक वाटते. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार, जखमी कामगाराला बरे होईपर्यंत वेतन. बहुतेक मागण्या घड्याळाने आणि कॅलेंडरने तपासता येतील अशा! उडवून लावायला जागाच ठेवली नाही. त्यांच्या संघटनेजवळ ना निधी होता, ना सभासदांची यादी. म्हणून काही अभ्यासक तिला युनियन मानत नाहीत. पण ट्रेड युनियन अ‍ॅक्ट आला १९२६ साली. त्याआधी चाळीस वर्षे निव्वळ संपावर भिस्त ठेवली असती तर किती चुली विझल्या असत्या, याचाही विचार या मंडळींनी करावा.

विलायतेत लँकेशायरचे गिरणीवाले हिंदी गिरण्यांवर निर्बंध मागत होते, ते स्पर्धेच्या पोटदुखीने. तेवढे कारण पुढे करून इथली राष्ट्रवादी वृत्तपत्रे कारखाना कायद्यालाच विरोध करीत होती. लोखंडे यांनी मात्र परक्याच्या स्वार्थातून उघडलेल्या दारातून आपल्या माणसांना आत नेले.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जूनला मालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने ती पक्की केली आणि स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले. त्यानंतर सात वर्षे पुरी व्हायच्या आत, ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, मुंबईच्या प्लेगने लोखंडे यांना नेले.