बाळशास्त्री जांभेकर आणि वृत्तपत्रीय मराठी

धाराशिव, तुळजापूर वा उमरग्याच्या बसस्थानकावर वर्तमानपत्र विकत घेताना ‘बातमी’, ‘मथळा’, ‘जाहिरात’ हे शब्द तुम्हांला मुळीच नवे वाटत नाहीत. दोनशे वर्षांपूर्वी मात्र यांपैकी काहींचा अर्थ निराळा होता आणि काहींना आजचे काम मिळालेले नव्हते. हा बदल ज्यांच्यापासून सुरू झाला, त्या बाळशास्त्री जांभेकरांचे चरित्र आपण शब्दांच्या अंगाने पाहणार आहोत.

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ साली कोकणातील पोंभुर्ले येथे झाला. वडील गंगाधरशास्त्री पुराणिक होते. लहान वयात मुंबईस येऊन बाळशास्त्रींनी इंग्रजी व गणित आत्मसात केले. संस्कृतबरोबरच फारसी, बंगाली, गुजराती, कानडी अशा अनेक भाषा त्यांना अवगत होत्या. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी ‘दर्पण’ काढले, तेव्हा त्यांचे वय अवघे विसाच्या आसपास होते. (आपण पत्रकार दिन पाळतो तो याच दिवशी, हा पत्राचा जन्मदिवस आहे, बाळशास्त्रींचा नव्हे, हे ध्यानात ठेवावे.) ‘दर्पण’ प्रारंभी पाक्षिक होते, मे महिन्यापासून साप्ताहिक झाले.

त्यापूर्वी बातमी नव्हती काय? होती; पण ती राज्यकर्त्यांची होती. मराठेशाहीत ‘बातमीदार’ म्हणजे हेर. ‘अखबार’ हे अरबी ‘खबर’ या शब्दाचे अनेकवचन. दरबारातील घडामोडींच्या ज्या टिपणांना ते नाव होते, ती अखबारनवीस आपल्या धन्यासाठी लिहून पाठवी. ‘वर्तमान’ हा शब्दही जुन्या पत्रव्यवहारात ‘हकीकत’ या अर्थाने येतो, आणि ती हकीकत ज्याच्या नावे पत्र असे त्याच्यापुरतीच असे. छापील पत्राने हे शब्द टाकले नाहीत, त्यांचा धनी बदलला. वर्गणी भरणारा कोणीही आता वर्तमान जाणून घेण्याचा अधिकारी ठरला. मराठीच्या अर्थपरिवर्तनाच्या इतिहासात याहून मोठ्या परिणामाचे उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

‘दर्पण’च्या पानावर दोन रकाने असत : एकात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी. इंग्रज अधिकाऱ्यांना एतद्देशीयांचे म्हणणे कळावे आणि एतद्देशीयांना जगाचे वृत्त कळावे, हा त्यामागील हेतू. भाषेच्या दृष्टीने मात्र ही कठोर परीक्षा होती. शेजारच्या रकान्यात इंग्रजी मजकूर उभा असताना मराठीला मोघम राहून चालत नव्हते. पुराण सांगणाऱ्याची आणि दफ्तर लिहिणाऱ्याची भाषा तयार होती; कायदा, व्यापार, विज्ञान यांविषयी अनोळखी वाचकाला समजावून सांगणारे गद्य घडवायचे होते.

१८३२ मध्येच बाळशास्त्रींची अक्कलकोटच्या युवराजाचे शिक्षक म्हणून नेमणूक झाली. अक्कलकोट आपल्या जिल्ह्याला लागूनच आहे. मराठी आणि कानडी एकाच बाजारात ऐकू येणारा हा टापू. आपला नळदुर्ग-तुळजापूरचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तेथील सरकारी कामकाज आधी फारसीत, पुढे उर्दूत चाले. आपल्याकडील वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘खबर’ आणि ‘अखबार’ दीर्घकाळ का टिकले, याचे उत्तर त्यात आहे.

१८३४ साली ते एल्फिन्स्टन संस्थेत साहाय्यक प्राध्यापक झाले. दादाभाई नौरोजी त्यांचे विद्यार्थी. १८४० मध्ये ‘दर्पण’ बंद पडले. त्याच वर्षी त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले. १८४५ साली त्यांनी संपादित केलेली ज्ञानेश्वरी शिळाछापावर निघाली. वर्तमानपत्राची भाषा घडविणारा आणि तेराव्या शतकातील मराठीचा पाठ सिद्ध करणारा माणूस एकच होता, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये.

१७ मे १८४६ रोजी मुंबईत ते निवर्तले. वय चौतीस. पुढे कितीतरी वर्षे पत्र चालविणाऱ्याला ‘पत्रकर्ता’ म्हणत. ‘संपादक’ आणि ‘अग्रलेख’ हे शब्द त्यानंतर रुळले. ‘माथा’पासून ‘मथळा’, ‘पुरवणे’पासून ‘पुरवणी’, अरबी ‘जाहिर’पासून ‘जाहिरात’. उद्याच्या वर्तमानपत्रातील असे दहा शब्द वहीत उतरवा. प्रत्येकापुढे तो संस्कृत, अरबी-फारसी, इंग्रजी की देशी, हे लिहा आणि संपर्कसत्राला येताना ती वही सोबत आणा.