कर्जफेडीच्या वर्गणीतून उभे राहिले प्रार्थना गट! कोण होते जॉन वेस्ली?
मेथडिस्ट चळवळीचे प्रणेते जॉन वेस्ली (१७०३-१७९१) यांनी १७३९ पासून इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या खाण कामगारांना उघड्या माळावर प्रवचने दिली. गर्दी जमायची, पण नंतर या लोकांचे काय? उत्तर योगायोगानेच सापडले. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी घ्यायचे ठरले. साधारण १२ जणांमागे एक प्रमुख. घरोघर फिरताना प्रमुखांना कुठे दारू, कुठे भांडणे दिसू लागली. वेस्लींनी नेमके हेच हेरले. वर्गणीचे गट ‘क्लास’ झाले. दर आठवड्याला एकत्र प्रार्थना करायची आणि आपण कसे वागलो, ते सर्वांसमोर सांगायचे. सदस्यत्वाचे तिकीट तिमाहीचे. वागणूक सुधारली नाही, तर पुढचे मिळत नसे. आजच्या भाषेत सबस्क्रिप्शनच! नियम कडक होते खरे, पण ज्याला पेनी परवडत नसे, त्याची भर प्रमुखाने घालायची होती.