रुडॉल्फ डिझेल

सायकलच्या चाकात जोराने हवा भरली की पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते. हवा कोंडून दाबली म्हणजे ती तापते, हा सृष्टीचा नियमच आहे. बहुतेकांना त्या उष्णतेचे काही नवल वाटत नाही. परंतु ह्याच नियमाचा ध्यास घेऊन एका तरुणाने आपल्या उमेदीची वर्षे खर्ची घातली. त्याचे नाव रुडॉल्फ डिझेल. आज ते नाव तेलाला आणि इंजिनाला चिकटून जगभर रूढ झाले आहे. पण ते एका माणसाचे नाव होते, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस शहरी झाला. त्याचे आईवडील मूळचे बव्हेरियाचे. वडील चामड्याच्या वस्तू तयार करीत. घरची स्थिती बेताचीच होती. १८७० साली फ्रान्स व जर्मन राज्ये यांच्यात युद्ध पेटले आणि ह्या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनची वाट धरावी लागली. तेथेही पोटाची विवंचना सुटेना. तेव्हा बारा वर्षांच्या रुडॉल्फला आईवडिलांपासून दूर, जर्मनीतील आउग्सबुर्ग गावी नातलगांच्या घरी पाठविण्यात आले. यजमान गणिताचे शिक्षक होते. त्या घरात मुलाच्या बुद्धीला खतपाणी मिळाले आणि आपण यंत्रशास्त्रज्ञच व्हायचे, असा निश्चय त्याने लहान वयातच केला.

पुढे म्यूनिकच्या तंत्रविद्यालयात कार्ल फोन लिंडे हे प्रख्यात प्राध्यापक त्याला गुरू लाभले. वाफेच्या इंजिनात जळणाऱ्या कोळशाच्या उष्णतेपैकी शेकडा दहा भागही कामी येत नाहीत, बाकी सारी उष्णता वाया जाते, हे वर्गात ऐकून रुडॉल्फ अस्वस्थ झाला. १८७९ साली ऐन परीक्षेच्या वेळी त्याला विषमज्वराने गाठले. तरी खचून न जाता १८८० साली तो ती परीक्षा अत्युच्च गुणांनी उत्तीर्ण झाला. त्यानंतर लिंडे यांच्या बर्फाच्या धंद्यात त्याने पॅरिस येथे नोकरी धरली. दिवसा बर्फ तयार करावे आणि फावल्या वेळी अग्नीचे चिंतन करावे, असा त्याचा विलक्षण क्रम होता!

त्याची कल्पना ऐकायला साधी होती. नळकांड्यात नुसती हवा घ्यावी आणि दट्ट्याने ती इतकी दाबावी, की ती लाल तापलेल्या लोखंडासारखी गरम व्हावी. मग तीत थोडे तेल सोडावे. ठिणगी नको, ज्योत नको. तेल आपोआप पेट घेईल आणि दट्ट्याला मागे रेटील. १८९२ साली त्याने ह्या कल्पनेच्या एकस्वासाठी अर्ज केला. आउग्सबुर्गचा यंत्रकारखाना आणि क्रुप ह्या दोन बड्या उद्योगांनी त्याला पाठबळ दिले.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिली चाचणी झाली. तेल आत जाताच इतका प्रचंड स्फोट झाला, की दाब मोजण्याचे उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. जवळ उभी असलेली माणसे थोडक्यात बचावली. दुसरा एखादा तेथेच थांबला असता. डिझेलला मात्र आनंद झाला. केवळ दाबलेल्या हवेने तेल पेटते, हे सिद्ध झाले होते! पुढच्या वर्षी, १७ फेब्रुवारी १८९४ रोजी, सुधारलेले इंजिन सुमारे एक मिनिट स्वतःच्या बळावर चालले. तोवर कारखान्यातला पट्टा इंजिनाला फिरवीत असे. आता इंजिनच पट्ट्याला ओढू लागले आहे, हे प्रथम एका जुन्या कामगाराच्या ध्यानात आले आणि त्याने मुकाट्याने डोक्यावरची टोपी उतरविली, अशी हकीकत सांगतात.

खरी अडचण निराळीच होती. आतल्या प्रचंड दाबापुढे तेल आत शिरणार कसे, आणि शिरले तरी त्याचे बारीक तुषार होणार कसे? पंपाने ढकलून पाहिले, ते साधेना. शेवटी त्याने हवेलाच मदतीला घेतले. वेगळ्या यंत्राने अधिक दाबलेल्या हवेचा फवारा सोडून त्याच्याबरोबर तेल आत उडविले. १८९७ च्या फेब्रुवारीत तज्ज्ञांनी त्या सुमारे २० अश्वशक्तीच्या इंजिनाची परीक्षा घेतली. जळणातील उष्णतेपैकी शेकडा २६ भाग कामी येतात, असे आढळले. चार वर्षांच्या खटाटोपाचे चीज झाले.

कीर्ती आणि संपत्ती दोन्ही चालून आल्या. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले. १९१० साली रोआल्ड आमुन्सेन दक्षिण ध्रुवाकडे निघाला, तेव्हा त्याच्या ‘फ्राम’ ह्या शिडाच्या जहाजातील जुने वाफेचे इंजिन काढून तेथे डिझेल इंजिन बसविले होते. वारा पडला तरी आता कोळशाची भट्टी पेटवीत बसण्याचे कारण उरले नाही. १९१२ साली ‘सेलांडिया’ हे डॅनिश जहाज कोपनहेगनहून बँकॉकच्या सफरीवर गेले. त्याला धुरांडे नाही, हे पाहून बंदरोबंदरीचे लोक चकित होत.

डिझेलच्या स्वतःच्या जीवनात मात्र स्वास्थ्य नव्हते. अतिश्रमाने त्याची प्रकृती ढासळली, कज्जे मागे लागले, व्यवहारात पैसा बुडाला. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री तो ‘ड्रेस्डेन’ जहाजाने बेल्जियमहून इंग्लंडला जात होता. भोजन झाले, सहप्रवाशांशी गप्पा झाल्या, सकाळी लवकर उठविण्याची सूचना देऊन तो आपल्या खोलीकडे गेला. सकाळी खोली रिकामी होती. काही दिवसांनी समुद्रात सापडलेल्या मृतदेहाजवळच्या वस्तू त्याच्या मुलाने ओळखल्या. मृत्यू कसा ओढवला, ह्याचा निश्चित उलगडा झाला नाही.

डिझेलला पंपाने तेल ढकलणे साधले नव्हते. ते त्याच्या मागून आलेल्यांना साधले. १९२७ साली जर्मनीत बॉशच्या कारखान्यात तेल ढकलणारे अचूक पंप मोठ्या संख्येने तयार होऊ लागले. हवा दाबणारे अवजड यंत्र गळून पडले आणि डिझेल इंजिन लहान होऊन मालमोटारीत, शेतातल्या विहिरीवर, कोकणच्या मच्छीमार होड्यांत आणि शिडाच्या छोट्या नौकांत जाऊन बसले.

पण ह्या बदलात एक गंमत झाली. जी हवा पूर्वी तेलाला आत नेत असे, तीच आता तेलाच्या नळीत वैरीण ठरली. तेल दाबले तरी आकसत नाही. हवा मात्र आकसते. टाकीतले तेल तळाला गेले, नळीचा सांधा सैल झाला किंवा गाळणी बदलली, की हवेचे बुडबुडे आत शिरतात. मग पंपाचा सारा जोर बुडबुडे दाबण्यातच जातो, तेल नळकांड्यापर्यंत पोहोचत नाही आणि इंजिन मुके होते. वारा पडलेला, खडक जवळ आणि इंजिन गप्प, असा प्रसंग शिडाच्या नौकेवर मोठा बिकट असतो.

अशा वेळी नावाडी घाबरत नाही. टाकीत तेल आहे ना, तिची तोटी उघडी आहे ना, हे तो आधी पाहतो. मग गाळणीवरचा लहानसा स्क्रू किंचित सैल करून हातपंप हळूहळू मारतो. खाली फडके धरलेले असते, कारण तेल समुद्रात पडता कामा नये. प्रथम फसफसणारा फेस येतो, मग बुडबुडे विरळ होत जातात आणि शेवटी तेलाची स्वच्छ, अखंड धार लागते. ती चालू असतानाच स्क्रू घट्ट आवळायचा, म्हणजे हवा पुन्हा आत शिरत नाही. नंतर मोठ्या पंपावरच्या स्क्रूशी हेच करायचे. तरीही इंजिन रुसलेलेच राहिले, तर नळकांड्याकडे जाणाऱ्या नळ्यांची टोके जराशी सैल करून इंजिन फिरवायचे. तेथील दाब इतका असतो की उडालेला तुषार कातडीत घुसतो. म्हणून हात दूर ठेवावा लागतो. टोकांशी तेल दिसले की ती आवळायची आणि पुन्हा इंजिन फिरवायचे. एक उचकी, दोन उचक्या, आणि मग इंजिनाचा संथ ठेका सुरू होतो.